चौथं प्रकरण

मंगळवारी, मगरीबची नमाज आटोपली की
निझव्याच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, आम्ही सात जण जमतो.
खुर्च्या सतरा.
एसी कोणालाच कमी करता येत नाही,
म्हणून डॉ. थंकम वाळवंटात शाल घेऊन येतात.

पुस्तक मेंदूवरचं. प्रकरण चौथं : संमती.
नसराने समासात पेन्सिलीने इतकं लिहिलंय
की छापलेलंच उपरं वाटावं.
झाहिर खजुराच्या बिया रुमालात गोळा करत विचारतो,
मी हात उचलायच्या आधीच मेंदूचं ठरलेलं असेल
तर उचलला कोणी?
थंकम म्हणतात, चांगला प्रश्न.
त्यांना सगळेच प्रश्न चांगले वाटतात.

मी विद्यापीठाच्या दवाखान्यात इलेक्ट्रोड लावते.
पुस्तकातला मेंदू गुलाबी, आखीव, बाणांनी भरलेला.
माझ्या हाताखालचा केसांच्या आत असतो,
कोंड्याच्या, घामाच्या, कालच्या मेंदीच्या आत.
चिकट जेल, एकवीस तारा.
डोळे मिटा म्हटलं की पडद्यावर लाटा सावकाश होतात.
विचार दिसतात का, सगळे विचारतात.
नाही दिसत.

नसरा म्हणते, तुमच्या भाषेत हे सगळं कुठे घडतं?
मी सांगायला जाते :
डोकं फिरतं, मन उडतं, काळीज तुटतं,
मेंदूला फार तर मुंग्या येतात.
अरबीत नेता नेता त्याचं आजारपण होतं.
ती हसते. आमच्यात लेकरं यकृताचा तुकडा.
आमच्यात काळजाचा, मी म्हणते.
वीतभर वर.

मग थंकम वाचतात :
संमती म्हणजे समजून दिलेला होकार.
आणि मला मोफज्जल आठवतो,
जो मार्चमध्ये परातीवरून पडला, फार उंचावरून नाही.
कंपनीच्या माणसाने आणलं होतं. फॉर्म इंग्रजीत, खाली अरबीत.
त्याने बांगलात सही केली,
वळणदार, एखाद्या लग्नपत्रिकेवर करावी तशी.
तारा लावताना हळूच म्हणाला,
आपा, यात घरचं काही दिसतं का?
नाही रे, म्हटलं.
लहानपणापासून फिट येते, कंपनीला माहीत नाही, म्हणाला.

पडद्यावर टोकं आली. टोकदार, स्पष्ट,
शिकाऊंना दाखवावीत अशी.
रिपोर्ट मीच छापला. फॉर्मवर होतं तसा पाठवला.
फिट येते म्हणून फिट नाही.
एकच शब्द, दोन्ही बाजूंनी धार.
नवव्या दिवशी त्याची खाट दुसऱ्याला दिली होती.

हे मी मोठ्याने बोलले, हे मला नंतर कळलं.
झाहिरच्या हातात बी तशीच.
थंकम चांगला प्रश्न म्हणाल्या नाहीत.

खलफान सहसा बोलत नाही. त्याचे वडील फलजच्या पाण्याची पाळी बघतात.
तो म्हणाला, आमच्याकडे पाणी आधी पिण्याला,
मग अंघोळीला, मग बागेला. सावली मोजून.
वर कोणी जनावर धुतलं तर अख्खं गाव बोलतं.
थांबला. मग म्हणाला,
डोक्यातलं पाणी वर कोण धुतं, ते मात्र कोणी बघत नाही.
आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या मंगळवारी पाचवं प्रकरण : आनंद.
नसराने वाचलंय. म्हणते, कंटाळवाणं आहे.

मी किराणावाल्या शफिउलकडून बांगलात एक ओळ लिहून घेतली :
हा कागद कंपनीकडे जातो.
फॉर्मवर छापायला वरून अजून परवानगी नाही.
तोवर तारा लावण्याआधी तोंडानेच म्हणते,
माझे उच्चार ऐकून ते आधी हसतात.

परवा एक जण हसला, गप्प झाला,
मग टोपी घालून निघून गेला.
रकान्यात मी लिहिलं : आला नाही.